आईचे कान शाबूत आहेत

अंबाजोगाई
९ मार्च

जीवन,

जयभीम. रीत म्हणून लिहिलं, गैरसमज नको.

माझा नंबर तू ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र. स्पीड पोस्टाने पाठवते आहे, म्हणजे सही करून घ्यावं लागेल. घरच्या ग्रुपमधून मी बाहेर पडले तो तुला "अक्काचा इगो" वाटला असेल. तू त्या ग्रुपवर काय टाकलंस ते आठव. आपली अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई कोरड्या नळाखाली हंडा धरून उभी आहे, "आला, आला" म्हणते आहे, आणि तिचा इंजिनिअर मुलगा तिच्या हातातला हंडा घ्यायचं सोडून तिचं शूटिंग करतो आहे. वर मजकूर, "आईची अवस्था. प्लीज प्रे." त्याखाली तुझ्या बायकोने, आम्रपालीने, हात जोडल्याची चित्रं टाकली. आपल्या घरात प्रार्थना कुणाची करायची, तेवढं तरी सांगायचंस.

दोन मेला येतो आणि आईला पुण्यातल्या कुठल्याशा केअर होममध्ये नेतो, हे तू परस्पर ठरवून मोकळा झालास. आईला नसलेलं पाणी ऐकू येतं म्हणजे ती भ्रमिष्ट झाली, हे निदान तू माझ्या सोफ्यावर बसून केलंस. या गावात मेडिकल कॉलेज आहे. तिथली पोरं बिचारी वर्षानुवर्षं पुस्तकं घेऊन हिंडतात. त्यांना कुणीतरी तुझ्याकडे शिकवणीला पाठवायला हवं होतं.

आता नीट वाच. आईला नसलेलं पाणी ऐकू येत नाही. असलेलं पाणी ऐकू येतं, आणि ते पाणी तूच माझ्या हॉलमध्ये आणून ठेवलं आहेस.

दिवाळीच्या सुट्टीत तू ती चार फुटी माशांची टाकी बसवून गेलास. आईला सोबत होईल म्हणालास. सोबत म्हणून लेक येऊन राहतो, नातवंडं येतात. तुला मासे सोयीचे पडले. त्या टाकीचं पाणी पाइपातून खाली स्टँडमधल्या दुसऱ्या टाकीत उतरतं आणि तिथला पंप ते पुन्हा वर चढवतो. चोवीस तास हेच. पाइपात हवा आणि पाणी एकमेकांना ढकलत उतरतात आणि गुळण्या केल्यासारखा आवाज होतो. वीज गेली की सगळं गप्प. वीज आली की पंप आधी फुसफुसतो, मग खाकरतो, मग धार सोडतो. जीवन, हा नळ येण्याचा आवाज आहे. आमच्याकडे आठ-दहा दिवसांनी नळ येतो, तो अस्साच येतो. तू सोसायटीत राहतोस, तोटी फिरवली की पाणी. तू विसरलास ते ठीक. आईने कसं विसरावं?

केजजवळच्या आपल्या गावात वस्तीच्या नळाला पाणी सगळ्यात शेवटी यायचं आणि सगळ्यात आधी जायचं. म्हणून नळाने नुसता श्वास घेतला तरी आई उठायची आणि वस्तीला हाक मारायची. बाया तव्यावरची भाकरी तशीच टाकून यायच्या, कारण आईची, मालनबाईची, हाक कधी खोटी ठरली नव्हती. त्याच पाण्याने अंघोळ करून, भांग पाडून तू शाळेत जायचास.

मी टाकीचा आवाज बंद करणार आहे. मग आई उठायची थांबली, तर तिचं डोकं ठिकाणावर आहे हे तुझ्यासारख्यालाही कळेल. टाकी काढून टाक असं सुचवू नकोस. मी ते तिला केव्हाच म्हणून पाहिलं. "लेकानं दिलीया, ऱ्हाऊ दे," म्हणते. लेक काय लायकीचा आहे ते तिला अजून कळायचं आहे.

पंचशीला


अंबाजोगाई
२० मार्च

जीवन,

पत्र पोचल्याचं पोस्टाने कळवलं. तू नाही.

माझी सगळी नोकरी सातवी-आठवीच्या पोरांना ध्वनी शिकवण्यात गेली. पोरं मागच्या बाकावर झोपायची, हे खरं. पण तुझ्यापेक्षा जास्त त्यांना समजलं असावं.

परवा दुपारी आई हॉलमध्ये बसून मेथी निवडत होती. मी तिला न सांगता पंप बंद केला. ती मान खाली घालून मेथी निवडत राहिली, गुणगुणतही होती. थोड्या वेळाने पंप सुरू केला. फुसफुस झाली आणि तिचे हात थांबले. टाकीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. दाराबाहेरच्या नळाकडे पाहिलं, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि म्हणाली, "पंचे, नळ आलाय, मोटर लाव." तू ज्याला आजार म्हणतोस तो बटणाने चालू-बंद होतो. असा आजार कुठल्या पुस्तकात आहे ते कळव.

पंप कायमचा बंद ठेवता येत नाही, मासे मरतील. आईने त्यांना नावं ठेवली आहेत. एक लठ्ठ केशरी मासा दिवसभर कोपऱ्यात हलत नाही आणि खायला टाकलं की सगळ्यांना ढकलून पुढे येतो. त्याचं नाव तहसीलदार. बुद्धी नाही म्हणतोस ना तिला?

तर आधी पंपाची घरघर घालवायला घेतली. तू पंप सरळ स्टँडच्या फळीवर टेकवून ठेवला होतास, त्यामुळे सगळं कपाट ढोलासारखं घुमत होतं. आईच्या गुडघ्यांसाठी तू योगा मॅट पाठवली होतीस. आई त्या मॅटवर पापड वाळत घालायची. मी ती कापून, घडी घालून पंपाखाली ठेवली. तुझी एक तरी वस्तू कामी आली. पंप उघडून पाहिला तर आतल्या पात्यांवर जड पाण्याचा पांढरा क्षार जमलेला. लिंबाच्या रसात बुडवून ठेवला, घासून काढला. कडक नळी पंपातून निघून थेट भिंतीला टेकत होती, तिच्या जागी मऊ रबरी नळी लावली.

घरघर गेली. पण घरघर गेल्यावर गुळण्या उलट जास्तच स्पष्ट ऐकू यायला लागल्या. आई आता पूर्वीपेक्षा लवकर उठते. हे तुला लिहिलं नसतं तरी चाललं असतं. पण मी तुझ्यासारखी नाही, बिघडलेलंही सांगते.

पंचशीला


अंबाजोगाई
३ एप्रिल

जीवन,

तुझं कुरिअर मिळालं. पत्र नाही, पंप. सोबत चिठ्ठी, "अक्का, हा सायलेंट आहे. लावून बघ." आईसाठी एक ओळ नाही. दुकानदारसुद्धा डब्यात "धन्यवाद" छापतो.

तुला उंटावरचा शहाणा म्हणायचं, तर उंट तरी जवळपास असावा लागतो. तू पुण्यातून शेळ्या हाकतोस. तो पंप आवाज करत नाही, हे खरं आहे. पण तो जुन्याच्या दुप्पट पाणी वर फेकतो. मग ते सगळं पाणी त्याच अरुंद पाइपातून खाली यायला धडपडतं. त्या दिवशी माझ्या हॉलमध्ये असा खळाळ सुरू झाला की परत आल्यावर मला स्वतःलाच वाटलं, धरण फुटलं. मी किराणा आणायला चौकात गेले होते, म्हणजे लावून लगेच गेले. वाटलं, सायलेंट आहे, बघू नंतर.

परत आले तर गल्लीत सगळे हंडे बाहेर. आई ओट्यावर उभी राहून गावातल्यासारखी हाक मारत होती, "नळ आला गं बायांनो." शेजारची छबुबाई हातातलं पीठ तसंच ठेवून आली होती. कुणी कपडे भिजत टाकले होते, कुणी मोटर सुरू केली होती आणि ती कोरडीच फिरत होती. नळाला थेंब नाही. छबुबाई चांगली बाई आहे, पण तिचीही सहनशक्ती संपली. माझ्यासमोर आईला म्हणाली, "आजी, आता घरात बसत जावा. माणसाला दुसरी कामं हायेत न्हाईत?" बाकीच्या हसल्या. एक म्हणाली, "म्हातारीच्या कानात नळ बसलाय."

आईने हंडा उचलला, आत आणला, पालथा घातला. नंतर जेवताना मला विचारलं, "पंचे, मला याड लागलंय का गं? खरं सांग."

मी म्हणाले, तो टाकीचा आवाज आहे, तुझे कान चांगले आहेत. तिने ऐकून घेतलं. तिला पटलं नाही. गल्ली एक म्हणते, लेक व्हिडिओ काढतो आणि एकटी मुलगी म्हणते डोकं ठीक आहे. कुणावर विश्वास ठेवावा बाईने?

हे पाप तुझ्या पंपाचं आहे आणि थोडं माझं, घाईत बाहेर गेले म्हणून. तुझा वाटा मोठा आहे. पंप परत पाठवते आहे. आम्रपालीला म्हणावं, बाल्कनीत कारंजं करा. तुमच्याकडे पाण्याला काय तोटा.

पंचशीला


अंबाजोगाई
१६ एप्रिल

जीवन,

जमलं.

जुना पंप पुन्हा बसवला. खाली उतरणाऱ्या पाइपाच्या वरच्या तोंडाला खाली वळणारा एल्बो, म्हणजे कोपऱ्याचा जोड, लावला. आता पाणी वरून भोवरा करत हवा ओढत नाही, खालून गुपचूप आत शिरतं. त्या जोडाच्या वरच्या टोपणाला सुईने बारीक भोक पाडलं, हवेला तिची वेगळी वाट मिळाली आणि गुळण्या थांबल्या. पाइपाचं खालचं टोक आधी हवेत लटकत होतं, ते खालच्या पाण्यात बोटभर बुडेल एवढं लांबवलं. आधी हातभर बुडवलं होतं तर ते ढेकर द्यायला लागलं, म्हणून कापलं. या उन्हात खालच्या टाकीचं पाणी आटतं आणि पंप हवा ओढून सुरसुरतो, म्हणून रोज सकाळी तांब्याने भर घालते. नळाचंच पाणी. या गावात माशांना पाणी घालणारी बाई मी, लोक काय म्हणत असतील ते म्हणोत.

राहिली वीज. ती गेली आणि आली की फुसफुस होणारच. म्हणून पंप इन्व्हर्टरवर जोडला, म्हणजे तो थांबतच नाही. आमचा इन्व्हर्टर लहान आहे, सगळं पेलत नाही, त्यामुळे माझ्या खोलीतला पंखा त्यावरून काढला. एप्रिल आहे, तुला कल्पना असेल. नसेलही, एसीत ऋतू कळत नाहीत.

चौदा तारखेला जयंतीची मिरवणूक दारावरून गेली. डीजेने खिडक्या थरथरत होत्या. आई पांढरं पातळ नेसून खुर्चीत बसून मजेत बघत होती, हाताने ताल धरून. आवाजाचा तिला काही त्रास नाही. मिरवणूक पुढे गेली आणि घरात आली तर टाकीसमोर थबकली. वाकून पाहिलं. म्हणाली, "मेले का गं मासे? आवाजच न्हाई."

मी म्हणाले, जिवंत आहेत, बघ तहसीलदार. तिने बराच वेळ पाहिलं. त्यानंतर आजपर्यंत ती एकदाही उगीच उठलेली नाही. वीज किती वेळा गेली आणि आली ते विचारू नकोस. ती उठलेली नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तुला हवा असेल तर ये आणि बघ.

केअर होमचं रद्द कर. माफी मागायची असेल तर आईची माग. माझी नको, मला ती ठेवायला जागा नाही.

पंचशीला


अंबाजोगाई
२५ एप्रिल

जीवन,

तू आईला फोन केलास. मला नाही, आईला. ती काही बोलली नाही म्हणून तू आम्रपालीकडून मला निरोप पाठवलास की आई आता गप्प-गप्प असते, हे डिप्रेशनचं लक्षण आहे, तारीख तीच राहील.

म्हणजे उठली तर वेडी आणि बसली तर आजारी. तुझ्या दवाखान्यात निरोगी माणसाला प्रवेशच नाही.

पण एक गोष्ट तुला सांगायची नव्हती, ती सांगते. सांगायला दुसरं कुणी नाही.

काल नळ आला. खरा, पाळीप्रमाणे. छबुबाईने हाक मारली तेव्हा मी धावले. बाहेर धार लागून बराच वेळ झालेला असावा, कारण सगळ्यांचे निम्मे हंडे भरले होते. आई नळापासून चार पावलांवर बसलेली होती. मी विचारलं, "आई, तुला ऐकू नाही आला?" ती खाली बघत म्हणाली, "आलता. मला वाटलं माझंच हाय."

तिला ऐकू आला होता, सगळ्यांच्या आधी, नेहमीसारखा. आणि ती उठली नाही. मी टाकी गप्प केली आणि आई तिच्याबरोबर गप्प झाली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. हे तुझ्या माहितीसाठी, सहानुभूतीसाठी नव्हे.

रात्री जेवताना म्हणाली, "नेऊ दे त्याला. तुला तरास कावून?" तू ये. कपड्यांची पिशवी ती स्वतःच भरते आहे.

पंचशीला


अंबाजोगाई
४ मे

जीवन,

तू ग्रुपवर "आईने ऐनवेळी तमाशा केला" असं लिहिलंस, ते मला कळलं. म्हणून घडलं ते लिहिते. तू तिथे होतास, पण तुझं लक्ष फोनवर होतं.

तू सकाळी आलास, चहा अर्धा टाकलास आणि टाकीकडे बघून म्हणालास, "चांगली शांत झाली की, नवीन पंप लावलास ना?" मी तुझा कप उचलून आत नेला. वाद घालायला समोर कुणीतरी असावं लागतं. आईची पिशवी तू डिकीत ठेवलीस. छबुबाई निरोप द्यायला आली, तिने आईच्या पाया पडून झालेल्या गोष्टीची माफी मागितली. आईने तिच्या तोंडावरून हात फिरवला. तू गाडीत बसून एसी लावलास आणि कुणाशी तरी "हो, पिकअप केलंय" असं बोलत होतास. आईला. पिकअप.

ती उंबऱ्यात चपला घालत होती. एक घातली आणि थांबली. मान किंचित वाकडी केली. मी तिच्या अगदी जवळ होते. म्हणाली, "पंचे, नळ येतोय."

तू काच खाली करून पाहिलंस आणि माझ्याकडे बघून डोळे फिरवलेस. मी आधी टाकीकडे पाहिलं. टाकी गप्प होती. मग कान देऊन ऐकलं. खरं सांगते, मला काहीही ऐकू आलं नाही. नळाचा दिवसही नव्हता. वाटलं, जीवनच बरोबर असेल तर?

आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला तिथे काय दिसलं असेल ते मला माहीत आहे. घातलेली चप्पल काढली, पालथा हंडा उचलला आणि ओट्यावर गेली. आणि हाक मारली. जीवन, ती हाक तुला आठवायला हवी होती. तू लहानपणी त्या हाकेनेच जागा व्हायचास.

छबुबाई म्हणाली, "आजी, आज आपला दिवस न्हाई." आई म्हणाली, "न्हाई तर न्हाई. येतोय मात्र." हंडा नळाखाली ठेवला, तोटी उघडली. काही नाही. दोघी-तिघी बायका दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. कुणी हसलं नाही, पण कुणी हंडाही आणला नाही. तू गाडीतून उतरलास, "आई, पुरे, चल आता" म्हणालास आणि तिच्या दंडाला धरलंस. तिने तुझा हात सोडवला. एवढंच. तेवढ्यात तोटी फुसफुसली.

मग जे झालं ते तू पाहिलंस. गल्लीभर हंडे, बादल्या, पातेली. वरच्या भागात कुठला तरी जोड निखळला म्हणून पाणी इकडे सोडलं होतं, ते आम्हाला संध्याकाळी कळलं. पुढच्या गल्लीत कुणालाच पत्ता नाही, त्यांचे हंडे कोरडे राहिले. तू काहीतरी करायचं म्हणून एक हंडा नळाखाली सरकवलास. आई म्हणाली, "बाजूला ठिव तो. आधी गढूळ जाऊ द्यायचं आसतंय. तुला न्हाई येत." बायका हसल्या. यावेळी आईला नाही हसल्या.

हंडे भरून झाल्यावर तू पुन्हा म्हणालास, "चल आई, उशीर होतोय." ती पदराने हात पुसत होती. म्हणाली, "मी न्हाई येत, जीवन. हितं कुणाला ऐकू येत न्हाई, माझ्याबिगर." रागाने नाही म्हणाली. एखाद्याला नोकरीतून रजा मिळत नाही तसं म्हणाली. तुला तमाशा तो वाटला. तू दार आपटून निघून गेलास आणि घाईत तिची पिशवी डिकीतच राहिली.

त्यात तिची दोन पातळं, चष्मा आणि गुडघ्याला लावायचं तेल आहे. कुरिअरने पाठव. घाई करू नकोस, तिला कुठे जायचं नाही.

पंचशीला